खुर्चीला चौघं

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. सकाळी सातला मी माझ्या घरून कोथरूडला पोचले, तेव्हा बाबा आंघोळ आटोपून, पांढरा शर्ट आणि वर लोकरी जाकीट घालून पलंगाच्या कडेला बसले होते आणि त्यांची देखभाल करणाऱ्या मावशींना तिसऱ्यांदा विचारत होते, "ओळखपत्र घेतलंत ना?"

तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या पायऱ्या बाबांनी स्वतःच्या पायांनी उतरलेल्या नाहीत.

घरबसल्या मतदानाची सोय होती, पण पंच्याऐंशी पूर्ण झालेल्यांना. आधी ती ऐंशीपासून मिळायची. मार्च २०२४ मध्ये वयाची अट पाच वर्षांनी वर गेली. बाबांचा जन्म मार्च १९४० चा. चार महिने कमी पडले. अपंगत्वाचा दाखला असता तरी चाललं असतं, पण तो काढायला बाबा तयार नाहीत. "मला चालता येत नाही, एवढंच. अपंग कशाने?" यावर काय बोलणार?

बाबांचं आयुष्यच काठाकाठाने गेलंय. टेलिफोन खात्यातून ते मार्च १९९८ अखेर, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि मे महिन्यात केंद्र सरकारने निवृत्तीचं वय साठ केलं. हे ते आजही परक्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

तर खुर्ची. प्लॅस्टिकची वाकते, म्हणून जेवणाच्या टेबलाची हातवाली लाकडी खुर्ची घेतली. मावशींनी स्वतःच्या ओढणीने बाबांना छातीपाशी पाठीला बांधलं, गाठ बाजूला घेतली, म्हणजे टोचायला नको. मग माणसं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, वॉचमनचा मोठा मुलगा, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा अकोल्याचा आयटीतला मुलगा आणि बूथवरून पाठवलेला एक कार्यकर्ता, गळ्यात पक्षाचा गमछा, जो मी त्याला आधी काढायला लावला. पुढचे दोघे उलटे उतरतात, खुर्चीचे पाय धरून. मागच्या दोघांवर भार कमी असतो, पण जिन्याच्या वळणावर खुर्ची फिरवायची ती त्यांनाच. तिथे कठड्याला हात घासतो. वॉचमनच्या मुलाची दोन बोटं सोलवटली, तो काही बोलला नाही.

पहिल्या वळणावर सगळे दम घ्यायला थांबले तेव्हा बाबा म्हणाले, "चौघं एकदम उचलायला आले की जरा धास्तीच वाटते हो."

कार्यकर्ता खो खो हसला. मावशी वरून ओरडल्या, "आजोबा, सणासुदीच्या दिवशी असलं बोलू नका!" मतदानाचा दिवस त्यांच्या लेखी सण होता.

केंद्रावर व्हीलचेअर होती, रॅम्प होता, मदतीला मुलंही होती. चोख व्यवस्था. सरकारची जबाबदारी केंद्राच्या फाटकापासून सुरू होते, तिथे ती नीट पार पडली. फाटकापर्यंतच्या ५४ पायऱ्या आमच्या. आमच्या म्हणजे कोणाच्या, हे मला बाबांना वर आणल्यावर, चौघांना चहा देताना लक्षात आलं. त्या चौघांत घरचं कोणी नव्हतंच. शिवाय इस्त्रीवाल्याचं मत उत्तर प्रदेशात, वॉचमनच्या मुलाचं नेपाळात, आयटीवाल्याचं अकोल्याला. म्हणजे बाबांना मतदानाला उचलून नेणाऱ्या चौघांपैकी तिघांचं मत इथे नव्हतंच.

आमची इमारत १९८२ ची. तळमजला आणि वर तीन मजले, बारा बिऱ्हाडं. त्या काळी एवढ्याशा उंचीला लिफ्ट कोणी बसवत नसे, आणि घेणारे तिशी-चाळिशीतले असल्यामुळे कोणी मागितलीही नाही. मी याच जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत शाळेत गेले आहे. आज बारांपैकी सात घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत, त्यांतल्या तीन घरांत एकेकटी. मुलं स्टुटगार्टला, सिअ‍ॅटलला, बंगळुरूला. एक नुसतं इथे पुण्यातच, वाकडला आहे, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये वाकड आणि सिअ‍ॅटल यात फार फरक करता येत नाही. पुनर्विकासाची बोलणी आठ वर्षं चालू आहेत. नव्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत, असं नकाशात दिसतं. पण मधली तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि परत यायला आपण असू की नाही, या प्रश्नावर प्रत्येक सभा मोडते.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं साधारण १०.४ कोटी होती. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची ती झाली नाही. तेव्हा आमच्या जिन्यात नक्की किती म्हातारे आहेत ते मी सांगू शकते, देशात किती आहेत ते अंदाजानेच.

बाबांच्या खर्चाचं एक शीट आहे. जर्मनीत स्टुटगार्टला असलेल्या माझ्या भावाने केलेलं, तो असल्या कामात पक्का. तारीख, तपशील, रक्कम, कोणी दिले. मावशींचा पगार, फिजिओ, औषधं, डायपर, एअर बेडचं भाडं. साठ टक्के तो देतो, चाळीस मी. तीन वर्षांत एका रुपयावरूनही वाद झालेला नाही. नात्यातल्या लोकांना हे सांगितलं की ते "नशीबवान आहात" म्हणतात, आणि ते खरंच आहे. भावंडांचे हिशेब कुठवर जातात हे मी बाहेर पुष्कळ पाहिलंय.

एकदा मात्र, गेल्या पावसाळ्यात, मावशी दोन दिवस गावी गेल्या होत्या आणि मी बाबांकडे झोपायला होते. पहाटे चारला बाबांची चादर बदलून झाल्यावर झोप काही येईना. मी फोनवर ते शीट उघडलं आणि उजवीकडे एक रकाना वाढवला. वर लिहिलं, 'रात्र'. खाली त्या दिवसाच्या तारखेसमोर काय भरायचं ते मात्र सुचेना. तीनदा उठले, म्हणून ३? रुपयात लिहायचं तर दर काय? आणि मग वाटलं, हा रकाना भावाने उघडला तर तो त्यात काय भरेल? मे २०२१ मध्ये आई गेली तेव्हा विमानं बंद होती. वैकुंठ स्मशानभूमीतलं सगळं त्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओवर पाहिलं, आणि तेही मधेच रेंज जात होती. त्याची ती रात्र कुठल्या रकान्यात टाकायची? मी रकाना पुसून टाकला.

आणखी एक कारण होतं, ते इथे लिहून टाकते. माझ्या सासूबाई साताऱ्याला धाकट्या जाऊबाईंकडे असतात. आम्ही दरमहा पैसे पाठवतो, दिवाळीला जातो, डॉक्टरशी फोनवर बोलतो, आणि बोलून झालं की जाऊबाईंना सूचना करतो. म्हणजे साताऱ्याच्या हिशेबात मी स्टुटगार्टच आहे. जाऊबाईंनी कधी शीट केलेलं नाही. केलं असतं तर त्यात 'रात्र' हा रकाना पहिला असता.

आमच्याकडे हे आधी कसं होतं, ते मला पक्कं आठवतं. आजी, म्हणजे बाबांची आई, याच घरात मधल्या खोलीत अकरा वर्षं होती, त्यातली शेवटची चार अंथरुणाला खिळून. तेव्हा घर भरलेलं होतं. काका यायचे, आत्या यायच्या, पेढे आणायचे, आजीच्या पायांशी बसून डोळे पुसायचे. आजी गेल्यावर तेराव्याला काका सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं तिचं." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात वाढायची पळी. ती काही म्हणाली नाही. आजीचं अंग पुसणं, भांडं देणं, रात्री हाक मारली की उठणं हे अकरा वर्षं एकटीने केलं होतं तिने, आणि त्याचं नाव तेव्हा 'केअरगिव्हर' नव्हतं, 'सून' होतं. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांची काळजी वाटून घेतली जायची असं लोक भाबडेपणाने लिहितात, तेव्हा मला ती पळी दिसते.

गंमत म्हणजे कायद्यालाही ती दिसत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा २००७ चा. शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांसाठी मी तो बसून वाचला. मुलाच्या नावे फ्लॅट करून दिल्यावर त्यांच्या वाट्याला गॅलरी आली होती. या कायद्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात, तेही सज्ञान. सून नाही, जावई नाही. त्यांना आणायचं विधेयक २०१९ मध्ये मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे घराघरांत हे काम जिच्या अंगावर पडतं ती कायद्याच्या व्याख्येत नाही. बरंच झालं म्हणावं, नाहीतर करायचं ते करून वर नोटीसही तिलाच आली असती.

बाकी कायदा वाईट नाही. प्रांताच्या दर्जाचा अधिकारी न्यायाधिकरण चालवतो, वकिलाची गरज नाही, दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. हा आकडा २००७ चा आहे. तेव्हा दहा हजार ही रक्कम होती, आता ती पुण्यात अर्ध्या महिन्याची बाई आहे. कलम २३ जास्त उपयोगाचं: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते देणं रद्द करून घेता येतं. पण अट कागदावर असली तर बळकटी. त्या आजोबांच्या बक्षीसपत्रात 'प्रेम व जिव्हाळ्यापोटी' एवढंच होतं. सगळ्या बक्षीसपत्रांत तेच असतं, लिहून देणारे तेच वाक्य छापून ठेवतात. कायद्याच्या माणसाला विचारलं तर तो सांगतो, जिव्हाळा असू दे, पुढे 'सांभाळ करीन' हेही घाला. बापाने मुलापुढे हे वाक्य ठेवायचं कसं, ते कुठल्याच कलमात नाही.

याच कायद्यात वृद्धाश्रमांचंही कलम आहे. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० जणांची सोय असलेला, राज्य सरकार स्थापन 'करू शकेल'. करील नाही, करू शकेल. खात्यात आयुष्य घालवलेल्या बाबांना हे वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "या दोन शब्दांत अख्खं खातं निवृत्त होतं." पुण्यात नव्या पेठेत 'निवारा' आहे, एकोणिसाव्या शतकापासून, दानधर्मावर उभं राहिलेलं. मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह. पंगुगृह ते निवारा, शब्द मऊ झाला, पण 'तिथे ठेवलं' हे क्रियापद काही बदललं नाही. माणसाला 'ठेवतात' ते तिथेच.

भावाची पगाराची पावती मी एकदा पाहिली. तो सुट्टीवर आला होता आणि कर्जाच्या कागदांसाठी प्रिंट काढली होती. कपातींच्या रांगेत एक लांबलचक जर्मन शब्द होता. विचारलं तर म्हणाला, ही फ्लेगेफरझिशरुंग, म्हातारपणी सांभाळ लागला तर त्याचा विमा. जर्मनीत १९९५ पासून सक्तीचा आहे. पगाराच्या साधारण साडेतीन टक्के, त्यातला निम्मा भार कंपनी उचलते. मूलबाळ नसलेल्यांना थोडा जास्त, कारण पुढे त्यांचा भार दुसऱ्यांची मुलं उचलणार. मला हा हिशेब जरा रोकठोक वाटला, पण आमच्या काकांच्या तेराव्यातल्या वाक्यापेक्षा प्रामाणिक.

म्हणजे माझा भाऊ गेली चौदा वर्षं दर महिन्याला न चुकता तिथल्या म्हाताऱ्यांच्या सांभाळाचे पैसे भरतो. स्टुटगार्टच्या कुठल्याशा आजोबांना सकाळी आंघोळ घालायला जी बाई येते, तिच्या पगारात माझ्या भावाचे चार पैसे असतात. कोथरूडच्या आजोबांसाठी तो वेगळे पाठवतो, त्याला कुठली योजना नाही.

याच्या पुढचं आणखी मजेदार आहे. स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेमबर्गशी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. तिकडे माणसं म्हातारी झाली, हात कमी पडतात. आपल्याकडून ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन आणि अर्थातच परिचारिका पाठवायच्या, त्यासाठी इथे जर्मन शिकवायचं. बाबांचे फिजिओ परवा सांगत होते की त्यांच्याबरोबर काम करणारी एक सिस्टर जर्मन भाषेच्या 'बी-वन' पातळीच्या परीक्षेला बसली आहे. जाऊ दे बिचारी, चार पैसे नीट मिळवील, आणि कामाचे तास मोजून. तिच्या जाण्याबद्दल तक्रार नाही. पण या सगळ्या व्यवहारात शिकलेले हात एका बाजूला सरकत जातात आणि ५४ पायऱ्या जागच्या जागी राहतात.

मग इथे कोण उरतं? आमच्या जिन्यात याचं उत्तर एका दुधाच्या पिशवीने दिलं.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. एका शनिवारी रात्री त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. सोमवारी सकाळी दूध टाकणाऱ्या पोराला दिसलं की रविवारची पिशवी कडीला तशीच आहे. त्याने बेल वाजवली, मग वॉचमनला बोलावलं, मग दार तोडलं. बाई जिवंत होत्या. पुढे आठ महिने जगल्या. दीड दिवस त्यांच्या दारावरून आम्ही सगळे गेलो होतो. मीही, रविवारी, बाबांना पुरणपोळी घेऊन. पिशवी मला दिसली होती. मला वाटलं, झोपल्या असतील.

त्यानंतर नियम झाला. साडेआठनंतर कडीला पिशवी दिसली तर जिन्यात जो असेल त्याने बेल वाजवायची. कोणी लिहून ठेवला नाही, सभेत मांडला नाही, पण पाळला जातो. आणि एकेकट्या घरांच्या जादा किल्ल्या दुसऱ्या मजल्यावर अकोल्याच्या मुलाकडे असतात, कारण तो घरून काम करतो आणि रात्री दोनलाही जागा असतो. हाच तो मुलगा, ज्याला येऊ द्यायचं नाही म्हणून आमच्या सोसायटीने रीतसर ठराव केला होता: 'अविवाहित भाडेकरू ठेवू नयेत.' घरमालक सिअ‍ॅटलला, त्याने ठराव वाचलाच नाही. ठराव अजून वहीत आहे, किल्ल्या मुलाच्या शूजच्या कपाटावर, खिळ्याला.

मतदानानंतरच्या रविवारी कमिटीची बैठक झाली. त्यात मी खुर्चीचा विषय काढला. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीचा एक पाय हलायला लागला होता आणि वॉचमनच्या मुलाची बोटं मला आठवत होती. म्हटलं, सोसायटीनेच एक करून घेऊ, चार बाजूंना धरायला दांडे, पुढे पायठेवणी, छातीला पट्टा. कोणाला नको होती असं नाही. सुताराने ३,२०० सांगितले, तेही जास्त वाटले नाहीत. चर्चा अडली ती हा खर्च कुठल्या खाती टाकायचा यावर. खजिनदार, वय ७८, म्हणाले फर्निचर म्हणावं तर ऑफिस नाही. 'किरकोळ'मध्ये टाकलं तर ऑडिटर विचारील. एकाने सुचवलं, वैद्यकीय. त्यावर दुसरे म्हणाले, मग उद्या कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर मागेल. पाऊण तास गेला. शेवटी 'जिना दुरुस्ती' या खाती ३,२०० मंजूर झाले. मला वाटतं इतक्या अचूक नोंदी सोसायटीच्या वहीत फार नसतील.

खुर्ची आता जिन्याखाली मीटरच्या पेट्यांशेजारी असते. दुपारी तिच्यावर इस्त्रीवाला बसतो. उचलायला चौघं मात्र दर वेळी शोधावे लागतात. दांडे सुतार करून देतो, हात नाही.

मावशींबद्दल मी शेवटी लिहितेय, हे माझ्याही लक्षात आलंय.

त्या जिंतूरकडच्या. पंधरा वर्षांपूर्वी दुष्काळात नवरा गेल्यावर पुण्यात आल्या, आधी धुणीभांडी, मग ब्युरोतर्फे पेशंटची कामं. चोवीस तासांच्या कामाचे आम्ही ब्युरोला २६ हजार देतो, मावशींच्या हाती २१ पडतात. मधले पाच कशाचे, हे ब्युरोवाल्याला विचारलं तर तो "व्यवस्थेचे" म्हणतो. व्यवस्था म्हणजे काय, ते मावशी तापाने पडल्या तेव्हा कळलं: त्याने फोन उचलला नाही. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जून आहे, शाळेत नाव घालताना गुरुजी घालायचे ती. त्या तारखेने त्या अठ्ठावन्नच्या. त्यांना स्वतःला वाटतं, दोनचार वर्षं इकडे तिकडे. म्हणजे साठीला टेकलेली बाई चौऱ्याऐंशीच्या माणसाला कुशीवर वळवते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, पण नोंदणी अठरा ते साठ या वयात करायची. मावशींची झालेली नाही. मी कागद आणून ठेवलेत. ते चार महिने फ्रिजवर आहेत, याचा दोष ब्युरोवर घालता येणार नाही.

बाबांना त्या 'आजोबा' म्हणतात आणि दटावतात. बाबा त्यांना 'अहो मावशी' म्हणतात आणि ऐकतात. मला जे जमत नाही ते, म्हणजे बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेऊन चमचा देणं, मावशी सहज करतात. रात्री त्यांच्या आईचा फोन येतो. आईची ऐंशी कधीच उलटली. तिला आता नीट ऐकू येत नाही म्हणून मावशी गॅलरीत जाऊन ओरडून बोलतात, आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही कळतं की जिंतूरकडे पाऊस झाला की नाही.

त्याच नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला करायचा होता. ऐंशीच्या पुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, पण बाबा नोव्हेंबरशिवाय देत नाहीत. नोव्हेंबर म्हणजे नोव्हेंबर. पूर्वी बँकेत जाऊन सही करावी लागायची. आता फोनच्या कॅमेऱ्याने होतं. फोन मावशींनी धरला, मी मागून सांगत होते. चेहरा गोलात आणा, उजेडाकडे बघा, डोळे मिचकवा. बाबांना एकाच वेळी दोन्ही डोळे मिचकवणं जमेना. ते एक मिटायचे, मग दुसरा. "आजोबा, डोळा काय मारताय!" मावशी हसून हसून खाली बसल्या आणि गोल हलला. चौथ्या खेपेला हिरवी खूण आली. बाबा अधिकृतरीत्या जिवंत आहेत. ऐंशी झाल्यापासून त्यांना मूळ पेन्शनच्या वीस टक्के जादाही मिळतात, पंच्याऐंशीला तीस टक्के होतील. म्हातारपण जसं वाढतं तसा खर्च वाढतो हे सरकारला ठाऊक आहे, निदान स्वतःच्या पेन्शनरांच्या बाबतीत.

मावशींनी फोन पुसला, माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ताई, माझ्या आईचं होईल का यात?"

त्यांच्या आईला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात. जुलै २०२३ च्या आधी हजार होते. वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर मिळतात, म्हणजे मावशींच्या हाती एका महिन्यात पडतात तेवढ्यात. मी फोनवर बघितलं, पुन्हा बघितलं. हे पेन्शनरांसाठी होतं. म्हटलं, "नाही हो मावशी, यात त्यांचं नाही दिसत. त्यांना दाखल्याला कुठे जावं लागतं?"

"तालुक्याला. आंगठा द्यायला."

"आणि नेतं कोण?"

"शेजारची पोरं नेतात की. जीपपर्यंत उचलून." त्या ओढणीच्या टोकाने बाबांच्या डोळ्यांतून आलेलं पाणी टिपत होत्या. "तिथं खुर्ची कुठली, ताई. बाजेवर घालतात. चौघं लागतात."